सागाची आलमारी, मोठीआईचा ओटा

चिखलदऱ्यात स्वयंपाकघर नवं करायचं की जुनंच रंगवायचं, हे अमरावतीत बसून ठरवता येत नाही. चिखलदरा १,१०० मीटरांच्या वर, गाविलगडाच्या डोंगरात. जून लागला की धुकं उंबरठा ओलांडून घरात येतं, आणि पुढे सप्टेंबरपर्यंत मीठ, गूळ, काडेपेटी, अंथरूण सगळं दमट. लाकूडही दमट. इथल्या जुन्या घरांतल्या आलमाऱ्या सागाच्या आहेत, कारण मेळघाटचं जंगल दाराशी आणि परतवाड्याचा लाकूडबाजार घाट उतरला की समोर. त्या आलमाऱ्या आता धुरकट झाल्यात, रंगाचे पापुद्रे निघालेत, आणि मॉड्युलर किचनची पत्रकं घाट चढून वर आली आहेत.

घरांच्या आतल्या मांडणीचं काम मी करते. लोकांना नवी स्वयंपाकघरं करून देणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. तरी मोठीआईनं, म्हणजे माझ्या थोरल्या काकूनं, जुनं सगळं काढून टाकायचं म्हटलं तेव्हा मी आडवी आले. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत ती पर्यटकांना जेवण करून देते: भरीत, झुणका, ज्वारीची भाकर. म्हणजे ते स्वयंपाकघर तिची कामाची जागा आहे, आणि तिचं म्हणणं हलक्यानं घेण्यासारखं नाही. ती अंबाडी निवडत होती, मी आलमारीची दारं तपासत होते. तिचे शब्द तिच्याच बोलीत ठेवले आहेत; त्यांतले मोठेबाबा म्हणजे माझे थोरले काका.

मोठीआई: रंग देऊन काय होते? मायं वय पाय. खालची आलमारी उघडाची तं जमिनीवर बसा लागते, आतमंधी डोकं घाला लागते, अन् मांगचा एक डबा काढाले पुढचे सगये डबे बाहेर. टोंगये काय म्हन्ते ते मलेच ठाऊक. शेजारीन ट्रॉली ओढते, सगयं समोर येते.

मी: ट्रॉलीला माझी ना नाही. तुझे गुडघे वाचलेच पाहिजेत. पण ट्रॉली म्हणजे शेवटी दोन सरकत्या पट्ट्या आणि त्यांवर बसवलेलं खोकं. ते सागाच्या चौकटीतही बसतं.

मोठीआई: मंग दुकानदार असं काऊन नाई सांगत? तो म्हन्ते, सगयं काढा लागन, भिंत साफ करा लागन, मंगच बसन.

मी: त्याची खोकी ठरल्या मापाची, कारखान्यात कापून येतात. जुन्या चौकटीत बसवायचं तर मिस्त्रीनं इथे येऊन प्रत्येक कप्प्याचं माप वेगळं घ्यायचं, कुठे अर्धा इंच तासायचं, कुठे पट्टी ठोकायची. त्याला ते परवडत नाही. तुला परवडतं का, एवढाच आपला प्रश्न.

मोठीआई: अन् तो म्हन्ते वॉटरप्रूफ हाय.

मी: काय वॉटरप्रूफ आहे ते विचार. वरचा सनमायका पाणी आत घेत नाही, खरं आहे. पण पाणी वरून शिरतच नाही. ते शिरतं कापलेल्या कडेतून, बिजागरीच्या स्क्रूच्या भोकातून, सिंकच्या नळीसाठी पाडलेल्या गोलातून. आत पार्टिकल बोर्ड असेल, म्हणजे चिकटद्रव्यात कालवून दाबलेला लाकडाचा चुरा, तर तो फुगतो. फुगलेला चुरा वाळल्यावर मूळ जाडीला येत नाही, आणि स्क्रूला धरायला काही उरत नाही. एमडीएफचं थोड्याफार फरकानं तेच. प्लाय त्याहून बरा, पण त्यातही दोन जाती. आयएस ३०३ या भारतीय मानकाचा एमआर प्लाय दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. आयएस ७१० चा, ज्याला बाजारात मरीन म्हणतात, त्याचे नमुने ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात आणि थर सुटता कामा नये. तो लावणार असतील तर माझं अर्धं भांडण इथेच संपतं. कोटेशनात काय लिहिलंय?

मोठीआईनं डब्याखालचा कागद काढून दिला. त्यावर नुसतं ‘प्लाय’ असं लिहिलं होतं.

मोठीआई: बरं, ते कच्चं असन. पन हे तुयं पक्कं सागवान जुलैत उघडत नाई, त्याचं काय? उलथनं घालून दार काढा लागते. एका हातात कढई, एका हातात उलथनं. कोनाचं लाकूड चांगलं अन् कोनाचं वाईट, हे मले नको सांगू. मले दार उघडलं पायजे.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुनी आलमारी काढून टाकणारी निम्मी माणसं याच एका त्रासाला कंटाळलेली असतात. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. फळीच्या लांबीत फरक पडतो तो नगण्य. रुंदीत मात्र डोळ्यांना दिसेल इतका. जुन्या सुतारांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून ते दाराची रुंद फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवत, तिला डिंक लावत नसत. पावसात फळी खाचेतल्या खाचेत पसरते, उन्हाळ्यात आकसते, आणि चौकट आपल्या मापात राहते. सागाचं फुगणं इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमीच. मग दार अडतं कशानं? मी दार बिजागऱ्यांवरून काढून तिला त्याची कड दाखवली.

मी: ही कड पाहा. वर हिरवा, त्याखाली हिरवा, त्याखाली बदामी, पुन्हा हिरवा. दर खेपेला आधीच्या रंगावर नवा रंग चढला. दाराच्या कडेवर एवढी जाडी, समोरच्या चौकटीवर तेवढीच. मधली फट रंगानं खाल्ली. फळी जिथे खाचेत सरकायला हवी, तिथेही रंग गोठलाय. आता दाराची खालची कड बघ.

मोठीआई: हे तं कोरं लाकूड हाय.

मी: कोरंच आहे. दार जागेवर ठेवून रंगवलं की खालची कड कुणाला दिसत नाही, ब्रश पोचत नाही. तिथून दार पाणी पितं. समोरून रंगवलेलं, खालून उघडं. तुझं दार सागामुळे नाही, रंगाऱ्यामुळे अडतं.

मोठीआई: म्हंजे तुये मोठेबाबा दिवाईले रंग मारून घेत, ते चुकलंच?

मी: रंग दिला यात चूक नाही. आधीचा काढला नाही, इतकंच.

ती काही वेळ बोलली नाही. मग तिनं जे सांगितलं, ते कुठल्याही किचनच्या पत्रकात छापलेलं मी पाहिलेलं नाही.

मोठीआई: मी या घरात आली तवा ही आलमारी होती. सासऱ्यानं परतवाड्याच्या डेपोतून लाकूड आनलं, सुताराले बसवून केली. उंची त्यायनं ठरवली. रंग तुया मोठेबाबानं ठरवला, हिरवा, काऊन का दारं-खिडक्यांचा उरला होता. गॅस आला तं ओटा गवंड्यानं बांधला, त्याच्या अंदाजानं. माया खांद्याले येते तो ओटा. सयपाक मी केला इतकी वर्सं, पन सयपाकघरातलं एक खियं मी नाई सांगितलं कुठी ठोकाचं. आता पैसे माये हायेत, जेवनाचे. आता तू येतं अन् म्हन्तं, हे जुनं चांगलं हाय, ठेव. तुयंबी तसंच नं मंग?

यावर मला तयार उत्तर नव्हतं, आणि मी ते देण्याचा आव आणला नाही. जुन्या वस्तू जपा असं सांगणाऱ्या लेखनात ही बाजू बहुतेक वेळा येतच नाही. जी आलमारी आपल्याला कारागिरीचा नमुना वाटते, ती एखाद्या बाईला दुसऱ्यांनी आपल्यासाठी घेतलेल्या निर्णयांची उतरंड वाटू शकते. नव्या ट्रॉल्यांची ओढ ही दर वेळी जाहिरातीची भूल नसते. मोठीआईला ठरवण्याचा हक्क हवा आहे. आलमारी राहो की जावो, ओट्याची उंची तिच्या कोपरानं ठरली पाहिजे. काम करताना ओटा कोपराच्या थोडा खाली असावा. तिचा ओटा तिच्या खांद्यांना वर उचलून धरतो, आणि दुखणं तिथूनच येतं.

मी: तुझं खरं आहे. मग तू ठरव. उंची, कप्पे, रंग, काय राहील, काय जाईल. मी फक्त लाकडाबद्दल सांगते, निर्णय तुझा.

मोठीआई: सांग. पन कवतिक नको सांगू, कामाचं सांग.

कामाचंच सांगायचं तर, तसं लाकूड आज सहज हाती येत नाही. चांगल्या जाडीचा, गाभ्याचा साग उभा राहायला साठ-ऐंशी वर्षं लागतात. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं. तेव्हापासून या जंगलाकडे लाकडाची वखार म्हणून पाहणं हळूहळू थांबत गेलं, आणि ते योग्यच झालं. दिल्लीच्या नव्या संसद भवनात आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी विदर्भातला साग गेला याचा इथे अनेकांना अभिमान वाटला. त्याच विदर्भातल्या घरांतून त्याच सागाची दारं निघून भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एवढं मी बोलले आणि थांबले, कारण तिनं कौतुक नको म्हटलं होतं.

मोठीआई: भंगारात कायले देऊ? हिवाळ्यात शेकोटीले होईन. न्हानीच्या चुलीले होईन.

मी: ते मात्र अजिबात करायचं नाही. ही दारं रंगवलेली आहेत, आणि रंग जुना आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. पिवळ्यात आणि हिरव्यात तर हमखास, कारण तो पिवळेपणा शिशाच्याच संयुगातून यायचा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याच्या आधीचा कुठलाही रंग शिशाचा धरून चालायचं. तो जाळला तर धूर आणि राख, दोन्हींत शिसं. राख तू भांड्यांना लावतेस, वाफ्यात टाकतेस. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, तो भरून येत नाही.

मोठीआई: मंग घासताना नाई का उडनार ते?

मी: कोरडं घासलं तर उडणार. म्हणून ओला पेपर मारायचा, काळा वॉटर पेपर, पाण्यात बुडवून. दारं काढून मागच्या पडवीत न्यायची, खाली प्लास्टिक अंथरायचं, निघालेला लगदा गोळा करून बांधून ठेवायचा, झाडाच्या बुडाशी टाकायचा नाही. घासणाऱ्यानं मास्क लावायचा. घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर तिला त्या दिवसांत तिथे फिरकू द्यायचं नाही. रंग जाळून काढणारा मिस्त्री असेल तर त्याला काम द्यायचंच नाही.

मोठीआई: लय कुटाना हाय.

मी: आहेच. रंग देणं हा यातला शेवटचा आणि सोपा भाग. लोक तिथूनच सुरुवात करतात म्हणून दोन वर्षांत पापुद्रे निघतात.

या कामाचा क्रम मी सविस्तर सांगितला, कारण रंगाऱ्यावर लक्ष तीच ठेवणार आहे. आधी तेलकटपणा घालवायचा. फोडणीची वाफ आणि जुन्या चुलीचा धूर यांचा थर पेपर मारून निघत नाही, उलट लाकडात चोळला जातो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दारं पुसायची, मग साध्या पाण्यानं, मग दोन-तीन दिवस उन्हात उभी करून वाळवायची. दारं काढताना कुठलं दार कुठल्या चौकटीचं, हे बिजागरीच्या आड खिळ्यानं कोरून ठेवायचं. हातानं केलेल्या कामात दोन दारं एका मापाची नसतात. कडांवरचा रंग पूर्ण खरवडायचा आणि जिथे फट उरली नाही तिथे रंध्याचा एक हलका हात फिरवायचा. साग स्वतः तेलकट लाकूड. कोऱ्या सागावर रंग नीट धरत नाही, म्हणून प्रायमर लावण्याआधी थिनरचं फडकं फिरवायचं आणि लगेच लावायचा. लांबी, म्हणजे पुट्टी, खिळ्यांच्या भोकांत भरायची, फळीच्या खाचेत चुकूनही नाही. मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये किमान एक दिवस, आणि दाराच्या सहाही बाजूंना: पुढे, मागे, दोन्ही कडांना, वर आणि खाली. बिजागऱ्या रंगवायच्या नाहीत. डबे ठेवायच्या फळ्या खरवडून कोऱ्याच ठेवल्या तरी चालतात.

ऑइल पेंटच्या एका लिटरमध्ये साधारण शंभर ते दीडशे चौरस फुटांचा एक हात होतो. मोठीआईच्या सगळ्या आलमाऱ्या मिळून रंगाचा खर्च किरकोळ आहे. पैसे जातात ते मजुरीत. रोजीवर माणूस ठेवून घासकाम करून घ्यायचं तर रंगापेक्षा मजुरी कितीतरी जास्त होते, आणि ती गावातल्याच माणसाच्या हातात जाते, हे मला आवडतं.

मोठीआई: पांढरा द्यू. मले पांढरा पायजे. सगयं उजेड दिसलं पायजे.

मी: पांढरा दे, पण ऑइल पेंटचा नको. तो अंधाऱ्या जागी पिवळा पडतो, दाराच्या आतल्या बाजूनं तर लवकरच. पाण्यात मिसळणारा इनॅमल मिळतो, तो पांढरा राहतो, वासही कमी. वाळून टणक व्हायला मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. लगेच ओलं फडकं मारायचं नाही.

मोठीआई: अन् उदई लागली असन तं? तू पाह्यलं का?

तिनं हे विचारलं ते बरं झालं, कारण रंगाच्या बाजूनं बोलणारा माणूस इथे बहुतेक वेळा डोळेझाक करतो. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण सालीजवळच्या पांढरट लाकडाला लागते, आणि सुतारानं कुठेतरी तशी पट्टी वापरलेली असतेच. आम्ही पेचकस घेऊन बसलो. मुठीनं ठोकायचं, आवाज पोकळ आला की टोक दाबायचं. वरच्या आलमाऱ्या खणखणीत निघाल्या. दुधाची जाळीची आलमारीही. सिंकखालची मात्र नाही. तिथली मागची पट्टी आणि तळाची फळी पेचकसानं सहज फुटली, आत मातीची नळी होती.

मी: हे गेलं. याला रंग लावून काही होणार नाही. हे काढायचं, भिंतीलगत वाळवीचं औषध करायचं, आणि इथे नवं करायचं. आयएस ७१० चा प्लाय, कडा बंद केलेल्या, जमिनीपासून चार बोटं उचललेला.

मोठीआई: म्हंजे तिथं ट्रॉल्या.

मी: तिथे ट्रॉल्या. आणि त्याच्या शेजारच्या खालच्या दोन कप्प्यांतही, जुनी चौकट ठेवून. दारं तशीच समोर ट्रॉलीला लावून घेऊ. ओढलं की दारासकट बाहेर.

मोठीआई: अन् ओटा?

मी: ओटा फोडायचा. तुझ्या कोपराच्या मापानं नवा.

मोठीआई: तोडफोड झालीच मंग. तू तं म्हने, काई काढाचं नाई.

मी: आजोबांची चौकट काढायची नाही एवढंच माझं म्हणणं. ओटा गवंड्याचा होता.

तिनं अंबाडीचे देठ सुपातून पेपरवर टाकले. कोटेशनचा कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मला लिहायला लावलं: वरच्या आलमाऱ्या राहतील. जाळीची राहील, पण तिची जाळी नवी, स्टीलची. सिंकखालचं नवं. मधली उंच आलमारी, जिच्यात आजोबांच्या काळापासून पितळेची भांडी आहेत, ती स्वयंपाकघरातून काढून पुढच्या खोलीत जाईल, कारण तिच्यामुळे खिडकीचा उजेड अडतो. ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. वर्षानुवर्षं त्या अंधारात उभं राहणाऱ्या बाईच्याच ती लक्षात येणार.

मोठीआई: काम कवा कराचं? आता नको. पाऊस हाय.

मी: आता रंग वाळणारच नाही, चिकचिकत राहील. दिवाळीनंतर, गिऱ्हाईक कमी झालं की. थंडीत इथे सकाळी दव असतं, म्हणून रंगाचं काम दहा ते चार. लाकूड तोवर पुरतं सुकलेलं असेल, फटी खऱ्या मापाच्या दिसतील. पावसात रंधा मारला तर उन्हाळ्यात दारं ढिली पडतात.

मोठीआई: रंगारी कोन?

मी: परतवाड्याचा एक सुतार आहे, तो दारं आणि कडा करेल. रंगारी इथलाच पाहू. पण दोघांना एकदम बोलवायचं नाही.

मोठीआई: अन् पंधरा दिवस सयपाक कुठी कराचा? वासात जेवन बनवाचं का लोकायसाठी?

मी: मागच्या पडवीत दारं ठेवायची आहेत, तिथे नाही जमणार. पुढच्या अंगणात चूल मांडू?

मोठीआई: अंगनात माकडं येतेत. भाकरी उचलून नेतेत. न्हानीच्या बाजूची खोली रिकामी कर, तुया मोठेबाबाचे पेपर भरले हायेत तिच्यात. ते आधी काढ. सिलिंडर तिथं बसते का पाय, अन् खिडकी उघडते का ते बी पाय. ती खिडकी कोनं रंगवली होती देव जाने, कवाचीच उघडली नाई.